पळायची वाट मोकळी असेल तर

कोकणी मुसलमान शाफई पंथाचे असतात ही गोष्ट आमच्याकडे बहुधा नमाजावरूनच लक्षात येते. घाटावरून आलेल्या, हनफी या दुसऱ्या पंथाच्या पाहुण्याला आमची असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज फार लवकर झाल्यासारखी वाटते आणि पहाटेच्या नमाजेत इमामसाहेब हात वर करून कुनूत ही प्रार्थना पढू लागले की तो जरा गोंधळतो. पंथभेदाची चर्चा सहसा इथेच थांबते. मी तालुक्याच्या न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्यामुळे माझे लक्ष या पंथाच्या ग्रंथांतल्या एका निराळ्या प्रकरणाकडे गेले. अंगावर चालून आलेल्या माणसाला कसे आणि कुठवर परतवावे, याचे नियम सांगणारे ते प्रकरण आहे. इस्लाम आणि युद्ध हा विषय निघाला की लोक पैगंबरांची मक्केकरांशी झालेली बद्रची लढाई काढतात, कुरआनातला सूरह तौबा हा अध्याय काढतात, दूरदर्शनवरचे वाद काढतात. हे प्रकरण मात्र कोणी काढत नाही.

इमाम नववी 1277 साली वारले. त्यांचा ‘मिन्हाजुत्तालिबीन’ हा ग्रंथ शाफई मदरशांत आजही शिकवला जातो आणि आमच्या मौलानांच्या हुजऱ्यात, म्हणजे खोलीत, त्याची एक जुनी प्रत आहे, जिच्या समासात कोणा जुन्या विद्यार्थ्याने काळ्या शाईने इतक्या बारीक टिपा भरल्या आहेत की मूळ मजकूर मधोमध कोंडल्यासारखा दिसतो. मौलाना अरबी वाचत होते आणि अर्थ आमच्या बोलीत सांगत होते. नियमांची उतरंड अशी आहे: शब्दाने किंवा आरडाओरड करून लोकांना बोलावल्याने हल्ला टळत असेल, तर हात उगारणे हराम, हाताने भागत असेल तर चाबूक हराम, चाबकाने भागत असेल तर काठी हराम, अवयवावर वार करून भागत असेल तर जीव घेणे हराम. त्यानंतरचे वाक्य मी त्यांना पुन्हा वाचायला लावले. पळून जाणे शक्य असेल, तर पंथाचे मत असे की पळणे कर्तव्य आहे आणि लढणे निषिद्ध.

मी ज्या कायद्याची रोजी-रोटी खातो तो इतका पुढे जात नाही. दंड संहितेची कलमे 96 ते 106, जी जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 34 ते 44 झाली आहेत, खासगी बचावाचा हक्क देतात आणि त्याला दोन कुंपणे घालतात: सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला सवड असेल तर हा हक्क नाही, आणि बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा करण्याचा हक्क कधीच नाही. मात्र समोरून बेकायदा हल्ला होत असताना कायदा पाळणाऱ्या नागरिकाने भित्र्यासारखे वागावे अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात म्हटले आहे. पाय लावून पळण्याचे बंधन आपला कायदा घालत नाही. तेराव्या शतकातला दमास्कसचा फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, ते घालतो, आणि तेही बगदाद मंगोलांच्या हातून उद्ध्वस्त होऊन वीस वर्षेही झालेली नसताना. अर्थात त्याच प्रकरणात एक भेदही आहे, तो लपवून चालणार नाही. जिवावर उठलेला हल्लेखोर मुसलमान असेल तर प्रतिकार न करता शरण जाण्याची मुभा आहे, तो मुसलमान नसेल तर प्रतिकार कर्तव्य मानला आहे. पहिल्या मुभेमागे 656 साली मदिनेत स्वतःच्या घरात वेढले गेलेल्या तिसरे खलिफा हजरत उस्मान यांचे उदाहरण सांगतात. त्यांनी आपल्या माणसांना शस्त्र उचलू दिले नाही आणि ते मारले गेले. दुसऱ्या भागावर त्या काळाची, सीमेवरच्या युद्धांची छाया आहे असे मला वाटते, आणि आज एका संविधानाखाली राहणाऱ्या माणसाने तो भेद पाळण्याचे काही कारण नाही.

ज्यांच्या नावाने हा पंथ आहे त्या खुद्द इमाम शाफई यांनी आणखी एक बारकावा नोंदवला आहे, जो मला एका खटल्यामुळे कायमचा पटला. हल्लेखोर चालून येत असताना बचावात त्याचा हात तुटला तर त्याचा जाब नाही. पण तो पाठ फिरवून निघाल्यावर पुन्हा वार करून त्याचा पाय तोडला, तर त्या पायाचा जाब द्यावा लागेल. आमच्याकडे फौजदारी प्रकरणांची निम्मी जननी म्हणजे गडगा, जमिनीच्या हद्दीवरची दगडी भिंत. कोणी तरी पावसाळ्यानंतर चार चिरे हातभर सरकवतो, आंब्याची दोन कलमे इकडची तिकडे जातात आणि मामला कोयतीवर येतो. माझ्या अशिलावर शेजारी खरोखरच कोयती घेऊन धावला होता. अशिलाने दांडक्याने त्याच्या मनगटावर फटका मारला आणि कोयती पाचोळ्यात पडली. ग्रामीण रुग्णालयाच्या दाखल्यात मनगटावरची सूज होती, तिचा मला काहीच धाक नव्हता. त्याच दाखल्यात खाली पाठीवरचे दोन आडवे वळ होते. माणूस पाठीवर मार खातो तो बहुधा पळताना किंवा पालथा पडल्यावर. न्यायाधीशांनी मनगट माफ केले आणि पाठीबद्दल शिक्षा दिली. अशील मला म्हणाला, “वकीलसाहेब, सुरुवात तर त्यानं केली होती ना?” सुरुवात त्यानेच केली होती, यात वाद नव्हता. शेवट कोणी केला, हा न्यायालयापुढचा प्रश्न होता.

व्यक्तीकडून समाजाकडे वळले की हाच प्रश्न मोठा होतो. पैगंबरसाहेबांच्या मक्केतल्या प्रचाराची 610 ते 622 ही वर्षे हत्याराविना गेली. सुरुवातीच्या अनुयायांपैकी सुमय्या यांना ठार मारले गेले, बिलाल यांना तापल्या वाळूवर निजवून छातीवर दगड ठेवला गेला, पैगंबरांच्या कुळावर बहिष्कार पडला, आणि तरी लढण्याची परवानगी आली नाही. आधी 615 च्या सुमारास काही लोक समुद्र ओलांडून हबशांच्या देशात, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, एका ख्रिस्ती राजाच्या आश्रयाला गेले. (जंजिऱ्याच्या मुलखाला आमची वडीलधारी मंडळी हबसाण म्हणत, त्यामुळे हा देश आम्हाला उगाच ओळखीचा वाटतो.) मग 622 मध्ये उरलेले मदिनेला गेले. नववींच्या ग्रंथातली पळण्याची वाट म्हणजे भेकडपणाची सवलत आहे असे ज्याला वाटेल, त्याने हे पाहावे की मुसलमानांचा सन या निघून जाण्यापासून मोजला जातो, बद्रच्या विजयापासून नाही. कुरआनच्या चौथ्या सूरहमध्ये जुलूम सोसत जागेवर राहिलेल्यांना फरिश्ते विचारतात की अल्लाहची जमीन स्थलांतर करण्याइतकी विस्तीर्ण नव्हती काय.

परवानगी आली ती घरे सुटल्यावर, आणि ती बाविसाव्या सूरहमध्ये आहे. ज्यांच्याशी लढाई केली जात आहे त्यांना परवानगी दिली आहे, कारण त्यांच्यावर अन्याय झाला आहे; आमचा पालनकर्ता अल्लाह आहे एवढेच म्हटल्यावरून त्यांना घरातून हाकलले गेले. पुढे त्याच आयतीत, म्हणजे वचनात, कारण दिले आहे: अल्लाहने काही लोकांना दुसऱ्यांकरवी आवरले नसते तर मठ, चर्च, यहुद्यांची प्रार्थनास्थळे आणि मशिदी, जिथे त्याचे नाव पुष्कळ घेतले जाते, ती सगळी पाडली गेली असती. मशिदीचे नाव या यादीत शेवटी आहे. यात देवळे नाहीत असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे, कारण सातव्या शतकातल्या अरबस्तानातली मूर्तिपूजकांची ठिकाणे त्या संघर्षात दुसऱ्या बाजूला होती. पण आयतीतले तत्त्व आमच्या गावच्या ग्रामदेवतेच्या सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी बसते त्या जागेपर्यंत, नेण्यास मला अडचण दिसत नाही. दुसऱ्या सूरहची 190 वी आयत तर एका ओळीत हक्क आणि कुंपण दोन्ही सांगते: जे तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, आणि मर्यादा ओलांडू नका.

इथे थांबून लेख संपवला तर तो सोयीचा होईल, खरा होणार नाही. सूरह तौबाची पाचवी आयत आहेच, आणि ती करार मोडणाऱ्या अरब टोळ्यांविषयी, चार महिन्यांची मुदत दिल्यानंतरची आहे, तिच्या आधीची आयत करार पाळणाऱ्यांना वगळते, नंतरची आयत आसरा मागणाऱ्या मूर्तिपूजकाला सुरक्षित ठिकाणी पोहोचवायला सांगते, हे सगळे खरे असले तरी अनेक जुन्या भाष्यकारांनी तिने आधीच्या कितीतरी सलोख्याच्या आयती रद्द झाल्या असे मानले, हेही खरे आहे. खलिफांच्या फौजा 711 पर्यंत सिंधपासून स्पेनपर्यंत पोहोचल्या, त्या घर वाचवायला निघाल्या होत्या असे मला म्हणता येत नाही. युद्धाचे कारण काय यावर फकीहांत मतभेद पडले. हनफी आणि मालिकी विचारात मुख्यतः समोरच्याचे आक्रमण हे कारण आहे. शाफई विचारात त्याचे इमान, म्हणजे इस्लामवर श्रद्धा, नसणे हे कारण आहे. म्हणजे गडग्यापाशी इतके काटेकोर असणारे आमचे इमाम सीमेवर मात्र सैल झाले. या बाबतीत मी, माझ्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या शाफई नमाज पढली असूनही, हनफींच्या बाजूला आहे, आणि त्याचे कारण एक साधी हदीस, म्हणजे पैगंबरांविषयीची नोंद, आहे: पैगंबरांनी युद्धात स्त्रिया आणि मुले मारण्यास मनाई केली. इमान नसणे हाच गुन्हा असता तर स्त्रीला त्यातून सूट मिळाली नसती. तिला सूट मिळते, कारण ती लढत नाही.

सीमेवर सैल, पण तिथेही शाफईंची एक गोष्ट मला विलक्षण वाटते. पहिले खलिफा अबू बक्र यांनी शामकडे, म्हणजे सीरियाकडे, निघालेल्या सेनापतीला दिलेल्या सूचना इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आहेत: स्त्री, मूल, वृद्ध यांना मारू नका, फळते झाड तोडू नका, वस्ती उजाड करू नका, खाण्यापुरते सोडून मेंढी वा उंट कापू नका. हे वाचून आंबा-काजूवर जगणाऱ्या आमच्या भागातला कोणीही मान डोलावेल. पण 625 मध्ये बनू नजीर टोळीच्या वेढ्यात खजुरीची झाडे तोडली गेली होती आणि कुरआनने त्याला अल्लाहची अनुमती म्हटले आहे. शामचे फकीह औजाई यांनी अबू बक्रांचा हुकूम धरून झाड तोडणे निषिद्ध ठरवले. शाफईंनी बनू नजीरचा दाखला धरून गरजेपुरती परवानगी दिली, मात्र जनावराच्या बाबतीत ठाम नकार दिला: झाडात जीव नाही, जनावरात आहे आणि त्याला वेदना होते, तेव्हा शत्रूचे बळ खच्ची करण्यासाठी त्याची जनावरे मारता येणार नाहीत. कलमे तोडायला परवानगी देणारा हा निकाल मला आवडत नाही, पण त्यामागे वेदना हा निकष आहे, हे विसरता येत नाही.

हा सगळा विचार आपल्या किनाऱ्याला कधी लागला, तर सोळाव्या शतकात. 1502 मध्ये वास्को द गामाने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे ‘मीरी’ जहाज बायकामुलांसकट जाळले. 1508 च्या मार्चमध्ये चौलच्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला आणि त्या डिसेंबरात बापाचे आरमार दीवकडे सूड घ्यायला निघाले, तेव्हा वाटेत विजापूरकरांचे दाभोळ लागले. चौलच्या लढाईत दाभोळचा हात नव्हता. तरी शहर लुटले, जाळले गेले आणि माणसे सरसकट कापली गेली. वाशिष्ठीच्या मुखाशी फेरीबोटीची वाट पाहत उभे राहिले की मला हटकून हे आठवते, कदाचित वकिली सवयीमुळे: आरोपी एक आणि शिक्षा दुसऱ्याला.

पुढे 1580 च्या दशकात मलबारातल्या पोन्नानीचे झैनुद्दीन मखदूम यांनी ‘तुहफतुल मुजाहिदीन’ लिहिले आणि ते विजापूरच्या अली आदिलशहाला अर्पण केले. पोर्तुगीजांशी लढा, अशी त्यात मुसलमानांना हाक आहे, त्यासाठी आयती आणि हदीस आहेत, आणि जहाजे जाळल्याचे, मशिदी पाडल्याचे, यात्रेकरू अडवल्याचे आरोपपत्रच आहे. पण त्यात एक संपूर्ण भाग मलबारच्या हिंदूंच्या रीतिरिवाजांवर आहे, आणि या लढ्यात मुसलमानांचा पाठीराखा म्हणून ज्याचा गौरव आहे तो कोळीकोडचा सामुरी हिंदू राजा आहे. युद्धाचे कारण समोरच्याचा धर्म असता, तर हे पुस्तक असे लिहिता आले नसते. गंमत अशी की याच झैनुद्दीन यांचे ‘फतहुल मुईन’ हे फिकहचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, पुस्तक शाफई मदरशांत आजही पढवतात. नमाजेआधी हातपाय धुण्याचा वुजू कसा करावा हे शिकवणाऱ्या लेखणीनेच ती हाक लिहिली, म्हणून तिच्यात हिशेब आहे, नुसता आवेश नाही.

आता ज्याबद्दल आमच्या मोहल्ल्यांत हळू आवाजात बोलले जाते त्याबद्दल. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या मुंबईच्या दंगलींत सुमारे 900 माणसे गेली, त्यांत मुसलमान जास्त होते. श्रीकृष्ण आयोगाने ते नोंदवले आहे. कोकणातल्या कितीतरी घरांतले कमावते हात मुंबईत होते, त्यामुळे ती भीती टपालाने आणि एसटीने इकडेही येऊन पोहोचली होती. फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले आणि 12 मार्चच्या स्फोटांत 257 माणसे ठार झाली. त्या काळी आणि नंतरही चहाच्या टपरीवर एक वाक्य ऐकू येई, “आधी कोणी केलं?” माझ्या गडग्याच्या अशिलाचेच वाक्य, फक्त मोठ्या आकड्यांचे. सतराव्या सूरहच्या 33 व्या आयतीत त्याचे उत्तर आहे आणि ते अन्याय झालेल्या माणसालाच उद्देशून आहे: जो अन्यायाने मारला गेला त्याच्या वारसाला आम्ही अधिकार दिला आहे, पण त्याने मारण्यात मर्यादा ओलांडू नये. आयत वारसाचा अधिकार नाकारत नाही, म्हणूनच तिची मर्यादा टाळता येत नाही. मारेकऱ्याऐवजी त्याच्या टोळीतला दुसरा कोणी मारणे ही अरबांची जुनी रीत होती, ती या आयतीने तोडली. शेअर बाजाराच्या इमारतीखाली उभा असलेला माणूस, सेंच्युरी बाजारजवळच्या बसमधली बाई, यांच्यावर कोणत्या वारसाचा कोणता अधिकार होता? कोणत्याही पंथाच्या कोणत्याही ग्रंथात याचे उत्तर सापडणार नाही. चौथे खलिफा हजरत अली 661 मध्ये कूफ्यात विषारी तलवारीने घायाळ होऊन पडले होते, तेव्हा मुलांना त्यांनी काय सांगितले ते परंपरेने जपले आहे: खलिफा मारला गेला म्हणून लोकांच्या रक्तात हात बुडवू नका, मी गेलो तर एका वाराला एकच वार, आणि त्याच्या देहाची विटंबना नको. 2008 च्या नोव्हेंबरात समुद्रातून आलेल्या दहा जणांनी आधी ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीवरचे खलाशी मारले, मग मुंबई. त्यांच्यातल्या मेलेल्या नऊ जणांना कबरस्तानात जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला. मृताला दफन नाकारणे ही आमच्यात साधी गोष्ट नाही, आणि मी त्या निर्णयाच्या बाजूने होतो, आजही आहे.

परतवण्याच्या नियमांइतकाच, किंबहुना अधिक अवघड भाग मला तहाचा वाटतो. 628 मध्ये पैगंबरांसह सुमारे 1400 माणसे एहराम, म्हणजे यात्रेचे वस्त्र, बांधून उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, निघाली आणि मक्केच्या वेशीवर हुदैबियाला अडवली गेली. तिथे जो करार झाला तो कोणत्याही वकिलाने आपल्या अशिलाला करू दिला नसता. यंदा परत जायचे. पुढच्या वर्षी तीन दिवसांसाठी यायचे. दहा वर्षे युद्ध नाही. मक्केतून कोणी पळून मदिनेला आला तर त्याला परत पाठवायचे, मदिनेतून कोणी मक्केला गेला तर मात्र तो परत मिळणार नाही. मक्केचा वकील सुहैल बिन अम्र याने ‘अल्लाहचे रसूल’ या शब्दांवर हरकत घेतली, तर पैगंबरांनी ते पुसून बापाचे नाव घालायला सांगितले. पैगंबरांचे जवळचे साथी हजरत उमर संतापले. आपण सत्यावर नाही काय, मग हा कमीपणा का, असे त्यांनी विचारले. सोबतचे लोक इतके सुन्न झाले होते की कुर्बानी करून केस उतरवा असे सांगूनही कोणी उठेना; पैगंबरांच्या पत्नी उम्मे सलमा यांनी सुचवले की आपण बाहेर जाऊन कोणाशी न बोलता आधी स्वतः करा, आणि तसे केल्यावर सगळे उठले. कुरआनने याच माघारीला उघड विजय म्हटले. करार पुढे मोडला तो मक्केच्या कुरैश टोळीच्या मित्रटोळीने, आणि 630 मध्ये मक्का जवळपास रक्ताविना हाती आली. पण सही करताना हे कोणालाच ठाऊक नव्हते.

शाई वाळली नसताना सुहैलचाच मुलगा अबू जंदल, इमान आणल्याबद्दल बापाने साखळदंडात ठेवलेला, पाय ओढत तिथे येऊन पडला. सुहैल म्हणाला, कराराप्रमाणे हा पहिला. पैगंबरांनी याच्यापुरती सूट मागितली, सुहैलने दिली नाही, आणि मुलगा ओरडत असताना त्याला परत नेले गेले. सबर कर, आम्ही या लोकांना शब्द दिला आहे, तो आम्ही मोडणार नाही, असे त्याला सांगितले गेले. तो पुढे निसटला आणि समुद्रकिनाऱ्यावर आपल्यासारख्यांच्या टोळीत जाऊन मिळाला, हा भाग वेगळा.

आमच्या मशिदीत दर रमजानच्या सतराव्या तारखेला बद्रवर बयान होते आणि लहान मुलांनाही 313 चा आकडा पाठ असतो. हुदैबियाचा करार जिल्कादचा. त्या महिन्यात हजला निघालेल्यांचे निरोप आणि दावती चालू असतात, मशीद भरलेली असते, तेव्हा एका जुम्म्याला हा करार कलमवार सांगावा, असे मी जमातीच्या बैठकीत सुचवले. मौलाना लगेच तयार झाले. एका बुजुर्ग चाचांचे म्हणणे पडले की करार सांगा, विजय सांगा, पण अबू जंदलला परत पाठवल्याचे मुलांसमोर नको, पोरांच्या मनात नको ते येईल. मी म्हटले, ते वगळले तर करारात सांगण्यासारखे उरतेच काय. चाचा ऐकायला तयार नाहीत आणि मीही नाही. जिल्कादला अजून वेळ आहे.